ताईचा पाय, भाऊचा हात

मी एक जुनी मोटार बोलतेय. चार दारं, फिकट हिरवा रंग, मागच्या डाव्या दाराला एक खोक. वय एकवीस. मोटारींमध्ये हे आजीचं वय समजतात. माझ्या पोटात एक मोठा अवयव दुसऱ्या मोटारीचा बसवलेला आहे, आणि तो कसा आला हे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडलंय. तोंड म्हणजे बॉनेट. ते हल्ली नीट बंदच होत नाही, त्यामुळे उघडायला फार कष्ट पडले नाहीत.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या बरोबरच्या बहुतेक जणींना तीन पेडल होती आणि मला दोन. याचं कारण माझा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक होता. वेग वाढला की तो आपला आपण गिअर बदलायचा. चालवणाऱ्याने फक्त उजवा पाय द्यायचा आणि रस्त्याकडे बघायचं. डाव्या पायाला आणि डाव्या हाताला माझ्याकडे काहीच काम नव्हतं. कारखान्यातले लोक मला "साहेबांची गाडी" म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, एवढाच त्यांचा माझ्याशी संबंध. सहा वर्षांनी त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी ताईंकडे आले.

ताई कवळ्या बनवायच्या. अजूनही बनवतात. गावातल्या तीन दवाखान्यांतले डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे आणि ताई घरातल्या मागच्या खोलीत बसून त्या साच्यांवर दात बसवायच्या. तयार झालेल्या कवळ्या छोट्या पांढऱ्या डब्यांत घालून माझ्या मागच्या सीटवर ठेवल्या जायच्या. इतकी वर्षं इतके दात माझ्यात बसून गेले, पण एकाही दाताने मला कधी खाल्लं नाही. असे प्रवासी मिळायला नशीब लागतं.

ताईंनी मला घेतलं ते माझ्या रंगासाठी नव्हे. त्यांचा डावा हात मनगटात मोडला होता आणि जोडला तो जरा वाकडा जोडला गेला. त्या हाताने त्या वस्तू धरू शकत. दात घासून गुळगुळीत करू शकत. स्टिअरिंगही धरू शकत. पण जोर लावून काही ढकलायचं किंवा ओढायचं म्हटलं की मनगट नाही म्हणायचं. गिअरचा दांडा ढकलणं त्यांना शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी परीक्षा दिली तीही ऑटोमॅटिक गाडीवर, आणि त्यांच्या परवान्यावर तसा शिक्का होता. या शिक्क्याची गोष्ट पुढे येणार आहे.

आम्ही दोघी अकरा वर्षं सुखात होतो. मग भाऊ राहायला आले.

भाऊ म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. सगळी गल्ली त्यांना भाऊच म्हणते, त्यामुळे ताईही त्यांना भाऊच म्हणतात. त्यांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. मग त्यांच्या डोळ्यांचा आजार बळावला. त्यांना समोरचं एवढंसं गोल दिसायचं, बांगडीतून बघितल्यासारखं, आणि बांगडीबाहेरचं जग गेलेलं होतं. बसच्या ऑफिसने त्यांना हार घातला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि परवाना काढून घेतला. घड्याळ त्यांनी येताना आणलं नाही.

पहिल्या दिवशी ते माझ्यात ताईंच्या शेजारी बसले. ताईंनी किल्ली फिरवली, दांडा एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर सरकवला आणि आम्ही निघालो. चौकापर्यंत भाऊ गिअर बदलायची वाट बघत होते.

"बस, एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," ताई म्हणाल्या.

"ही गाडी नाही गं, हा पाळणा आहे."

त्यानंतर ते रोज सोबत यायचे, कारण घरी बसून करणार काय? त्यांचा उजवा हात मात्र स्वस्थ नसायचा. दोन सीटच्या मध्ये तो उगाच चाचपडायचा, माझ्या दांड्यापर्यंत यायचा आणि परत मांडीवर जायचा. मी चढ चढताना जरा जास्त आवाज केला की तो हात हमखास उचलला जायचा. मला त्यांचा राग यायचा. मी माझं काम चोख करत होते आणि हा माणूस माझ्या शेजारी बसून मनातल्या मनात दुसरीच गाडी चालवत होता.

मग मी आजारी पडले.

आजाराची लक्षणं अशी: ताईंनी पाय दिला की माझं इंजिन जोरात ओरडायचं, पण चाकं मात्र विचारात पडल्यासारखी हळूहळू फिरायची. उभी असले की माझ्याखाली तांबूस तेलाचा डाग पडायचा. त्या तेलाला करपल्याचा वास होता. एके दिवशी भर चौकात मी पुढे जाणं पूर्ण थांबवलं. मागे अर्धं गाव हॉर्न वाजवत होतं. मला उलट मात्र जाता येत होतं. ताई मला उलट चालवत बाजूला घेऊन गेल्या, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता.

मेकॅनिक आला. हा माणूस कमी बोलतो. त्याने माझ्याखाली डोकं घातलं, बोटाला तेल लावलं, वास घेतला आणि बोट फडक्याला पुसलं.

"गेला," तो म्हणाला.

दुरुस्तीला लागणारे भाग मिळतात का ते तो पंधरा दिवस शोधत होता. माझ्यासारखा गिअरबॉक्स कारखान्याने कधीच बंद केला होता. शेवटी त्याने दोन रस्ते सांगितले. एक, मला भंगारात देणं. दोन, भंगारात माझ्याच जातीची एक पांढरी गाडी आली होती, मागून चेपलेली पण पोटाने धडधाकट. तिचा गिअरबॉक्स काढून मला बसवणं. फक्त तो हाताने बदलायचा होता. क्लच, तिसरं पेडल, सगळंच आलं.

"म्हणजे भंगारच," ताई म्हणाल्या. त्यांनी डावा हात उचलून दाखवला आणि परत खाली ठेवला.

त्यांना दुसऱ्या गाडीचा खर्च झेपणार नव्हता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे दोघांना. आणि गाडी नसेल तर कवळ्या दवाखान्यात पोचवणार कशा? कवळी एकदा नेऊन काम होत नाही. ती तोंडात बसवून बघायची, टोचली तर परत आणायची, घासायची आणि पुन्हा न्यायची. तीन दवाखाने गावाच्या तीन टोकांना. ताई त्या रात्री जेवताना म्हणाल्या की आता काम आवरतं घ्यायला हरकत नाही, वयही झालंच आहे. हे मला भाऊंच्या दुसऱ्या दिवशीच्या बोलण्यातून कळलं, कारण मी जेवणाच्या खोलीत जात नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं अंगणात माझ्याजवळ उभे होते. भाऊंनी माझ्या टपावर हात ठेवला होता.

"तू पाय दे," ते म्हणाले. "डोळेही तुझेच. हात मी देतो."

"म्हणजे काय?"

"तू क्लच दाबायचा. गिअर मी टाकणार, माझ्या जागेवरून. दांडा माझ्या उजव्या हाताशीच आहे की."

"तुला दिसतंय कुठे?"

"गिअरला डोळे कशाला लागतात? चौतीस वर्षांत मी एकदाही दांड्याकडे बघितलं नाही. बघणारा ड्रायव्हर मला दाखव, मी त्याला खाली उतरवतो."

 ताई भाऊंकडे बघत होत्या. भाऊ कित्येक महिन्यांत एका दमात इतकी वाक्यं बोलले नव्हते. मग त्या "बघू" म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी मेकॅनिकला बोलावलं.

माझं ऑपरेशन नऊ दिवस चाललं. मला उंच उचलून ठेवलं होतं आणि खालून मेकॅनिक माझं पोट रिकामं करत होता. माझा जुना गिअरबॉक्स निघाला तो एका जाड माणसाच्या वजनाचा होता. त्याच्यासोबत भोपळ्याएवढा एक गोल डबा निघाला. त्यातून तेल सांडलं आणि मेकॅनिकच्या चपलेत गेलं. इतकी वर्षं पोटात वागवलेली वस्तू शेजारी फरशीवर पडलेली बघणं चमत्कारिक असतं. मी तिला ओळखलं नाही.

पांढरीचा गिअरबॉक्स लहान आणि हलका होता. तिचं नावगाव मला माहीत नाही. पण तिचा मालक तिसरा गिअर नेहमी घाईने टाकत असावा, कारण तिथे हा गिअरबॉक्स अजूनही कचरतो. क्लचचं पेडल आलं. माझं ब्रेकचं रुंद, स्लीपरएवढं पेडल काढून तिथे अरुंद लावलं, म्हणजे शेजाऱ्याला जागा झाली. नव्या दांड्यासाठी माझ्या तळाला भोक पाडलं. आणि एक बारीकशी गोष्ट झाली. पूर्वी माझा दांडा उभं राहण्याच्या खुणेवर असल्याशिवाय मी किल्लीला दादच द्यायची नाही. त्या कामाच्या दोन वायरी होत्या. आता ती खूणच राहिली नव्हती, म्हणून मेकॅनिकने दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. त्या क्षणी माझी अक्कल गेली. किल्ली फिरवली की मी चालू होणार, मग गिअर कुठलाही असो.

मेकॅनिकने हे ताईंना सांगितलं होतं. ताईंनी मान डोलावली होती. पण अकरा वर्षांची सवय मान डोलावल्याने जात नाही.

घरी आल्यावर भाऊंनी मेकॅनिकला मला पहिल्या गिअरमध्ये उभं करायला लावलं, कारण बस डेपोत तशीच उभी करायची असते. सकाळी ताई बसल्या, मागे डबे ठेवलेले होते, आणि त्यांनी नेहमीसारखी किल्ली फिरवली. क्लच दाबला नाही. मी उडी मारली. समोर चार कुंड्या होत्या, त्यातल्या तीन गेल्या. मागचे डबे उघडले आणि कवळ्या पुढे आल्या. एका निवृत्त हेडमास्तरांचा वरचा जबडा हँडब्रेकजवळ येऊन पडला. खालचा सापडायला अर्धा तास लागला. तो भाऊंच्या सीटखाली होता.

"लागलं का तुला?" भाऊंनी विचारलं.

"हेडमास्तरांना विचार," ताई म्हणाल्या.

यानंतर परवान्याच्या ऑफिसचा कागद आला. गाडी बदलली म्हणून ताईंचा शिक्का चालणार नव्हता. त्यांना तीन पेडलांच्या गाडीवर नव्याने परीक्षा द्यावी लागणार होती. तारीख सात आठवड्यांनंतरची होती. तोवर मला घेऊन रस्त्यावर जायचं नाही.

ते सात आठवडे कवळ्या बसने गेल्या. ताई दोन बस बदलून पहिल्या दवाखान्यात आणि पुन्हा दोन बदलून दुसऱ्या दवाखान्यात जायच्या. गर्दीत दांडीला धरायला उजवा हात लागायचा, मग डबे डाव्या हातात यायचे. घरी येताना मनगट सुजलेलं असायचं. तिसऱ्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी चार आठवडे वाट पाहिली. मग कवळ्या वेळेवर येत नाहीत म्हणून दुसऱ्या कुणाला तरी काम दिलं. ताईंनी त्यांना दोष दिला नाही. पेशंट किती दिवस बोळक्याने हसेल, असं त्या म्हणाल्या. उरले दोन दवाखाने. परीक्षेत नापास झाल्या तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नव्हतं, आणि तोवर दोन उरले असते की नाही कोण जाणे.

सराव चालायचा तो बंद पडलेल्या एका गोदामाच्या आवारात. मेकॅनिक रोज सकाळी मला तिथे नेऊन सोडायचा आणि ताई-भाऊ मागून चालत यायचे.

पहिले आठ दिवस आम्ही तिघांनी एकमेकांचे हाल केले. भाऊ म्हणायचे "दाब", ताई क्लच दाबायच्या, भाऊ गिअर टाकायचे, मग म्हणायचे "सोड", आणि ताई सोडायच्या ते पाय विंचवावर पडल्यासारखा. मी आचके द्यायची आणि बंद पडायची. एका सकाळी मी एकोणीस वेळा बंद पडले. भाऊ मोजत होते.

"हळू सोड. झोपलेल्या बाळाखालून हात काढतात तसा काढ."

"तू किती बाळं झोपवलीस?"

"दिवसाला दोनशे. बसमध्ये सगळे झोपतात."

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी ते जुळून आलं. भाऊंनी "दाब" म्हणणं बंद केलं, कारण ते म्हणायच्या आत ताईंचा पाय खाली गेलेला असायचा. ताईंनी विचारणं बंद केलं, कारण पाय खाली गेला की दांडा हललेलाच असायचा. भाऊ डोळे मिटून बसायचे. ते माझं इंजिन ऐकायचे आणि मला स्वतःला कळायच्या आधी त्यांना कळायचं की आता मला वरचा गिअर हवाय. तिसऱ्यापाशी पांढरीचा गिअरबॉक्स कचरला की ते अर्धा श्वास थांबायचे आणि मग हलकेच टाकायचे. इतक्या मायेने मला आजवर कुणी वागवलं नव्हतं. पाळणा म्हटल्याचा राग मी तेव्हाच सोडून दिला.

भाऊ बदलले. ते दाढी करून, शर्टाला इस्त्री करून सरावाला यायचे. येताना जोडे पुसलेले असायचे. गल्लीत कुणी विचारलं तर "कामावर चाललोय" म्हणायचे.

आता एक गुपित. हे फक्त मला माहीत होतं.

दुपारी जेवण झाल्यावर भाऊ रेडिओ लावून पडायचे. त्या वेळी ताई अंगणात यायच्या. हातात एक रिकामा डबा असायचा, म्हणजे कुणी पाहिलंच तर डबा न्यायला आले असं सांगता येईल. त्या माझ्यात बसायच्या. किल्ली लावायच्या नाहीत. डावा हात स्टिअरिंगवर ठेवायच्या, क्लच दाबायच्या, आणि उजवा हात पोटावरून आडवा नेऊन दांडा धरायच्या. पहिला. दुसरा. तिसरा. ओठातल्या ओठात मोजायच्या. सुरुवातीला हात पोचायचा नाही, मग त्या कमरेतून वळायला शिकल्या. उलटा गिअर सगळ्यात वाईट. तो खाली दाबून पार पलीकडे ढकलावा लागतो. त्यासाठी त्यांना जवळजवळ भाऊंच्या सीटवर झुकावं लागायचं. रोज अर्धा तास. मग त्या खांदा चोळत, रिकामा डबा घेऊन आत जायच्या.

कागद आला त्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं की परीक्षेत डाव्या सीटवर भाऊ बसणार नाहीत. भाऊंच्या मात्र ते लक्षात आलं नव्हतं. चौतीस वर्षं ज्याने दर पाच वर्षांनी परवाना नवा करून घेतला, त्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही, कारण त्यांच्या मनात ती सीट त्यांची झाली होती.

परीक्षेच्या आठ दिवस आधी भाऊ आवारात उभे राहून सांगत होते की चढावर गाडी थांबवली की हँडब्रेक आपण कसा सोडणार आणि पहिला कधी टाकणार. मेकॅनिक पायरीवर बसून चहा पीत होता.

"भाऊ," तो म्हणाला, "तिथं तुमच्या जागेवर परीक्षा घेणारे साहेब बसणार ना?"

भाऊ थांबले. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, पण त्यांची बांगडी माझ्यावर न पडता बाजूच्या भिंतीवर पडली. ते भिंतीकडेच बघत राहिले.

मग ते बोलू लागले. आधी म्हणाले, मी साहेबांना विनंती करीन. मग म्हणाले, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून मी उतरतो, तू त्याला हातच लावू नकोस, सगळं मैदान दुसऱ्यावर होईल. मग त्यांना उलटा गिअर आठवला.

"चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. "तुझं काम घालवलं मी. मला गाडी हवी होती म्हणून तुझं काम घालवलं."

मला वाटलं, ताई आता सांगतील. दुपारचं सगळं सांगून मोकळ्या होतील. पण त्या एवढंच म्हणाल्या की आठ दिवस आहेत, बघू. त्यांनी का सांगितलं नाही, यावर मी खूप विचार केला. उभ्या गाडीला तेवढाच उद्योग असतो. मला वाटतं, सांगितलं असतं तर भाऊंची चूक पुसली गेली असती, पण त्याबरोबर कामावर जाणंही पुसलं गेलं असतं. इस्त्री केलेला शर्ट घालून मग ते कुठे जाणार होते?

परीक्षेच्या दिवशी मेकॅनिकने मला मैदानात नेलं. भाऊ कडेच्या बाकावर बसले, हात गुडघ्यांवर. साहेब आले. बारीक अंगाचे, कानामागे पेन्सिल खोचलेले. ताईंनी सवयीने त्यांचे दात पाहिले. वरचे दात नकली होते आणि कुणीतरी घाईने बसवले होते. ताईंनी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं.

पहिल्या गिअरमध्ये मी नीट निघाले. तो गिअर ताईंनी साहेब कागद चाळत असतानाच टाकून ठेवला होता. मग माझा आवाज वाढला. ताईंनी क्लच दाबला आणि थांबल्या.

सवय वाईट असते. त्या भाऊंची वाट बघत होत्या. डाव्या सीटवर साहेबांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि तो काहीच करत नव्हता. माझा वेग कमी होत गेला. साहेबांनी कानामागची पेन्सिल काढली.

"काही अडचण?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी उजवा हात आडवा नेला.

दुसरा पडला. मग तिसरा, अडखळत, पण पडला. चढावर त्यांनी ब्रेकवर पाय ठेवून उजव्या हाताने पहिला टाकला, त्याच हाताने हँडब्रेक सोडला, आणि मी एक बोटभरही मागे सरकले नाही. उलटा गिअर टाकताना त्या इतक्या झुकल्या की साहेबांना दाराला चिकटून बसावं लागलं. खांबांच्या मधून मी उलट गेले. एक खांब हलला, पडला नाही.

"डाव्या हाताला काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

"मोडला होता. धरतो. ढकलत नाही."

साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग मागची बाजू वाचली. कुठल्या हाताने गिअर टाकायचा, असं त्यात कुठेच विचारलेलं नव्हतं. त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली, खिशातून पेन काढलं आणि सही केली.

मेकॅनिक बसने परत गेला, कारण आता त्याची गरज नव्हती. भाऊ येऊन डाव्या सीटवर बसले. ताईंनी त्यांना पास झाल्याचं सांगितलं.

"कळलं," भाऊ म्हणाले. "ऐकत होतो. तिसरा जरा उशिरा पडला."

"पडला ना."

"पडला. उलटाही पडला." मग थोडं थांबून म्हणाले, "एका दिवसात येत नाही ते."

ताईंनी क्लच दाबून किल्ली फिरवली. भाऊंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकमेकांत गुंफून ठेवले. ते हात मी ओळखत होते. पाळण्याच्या दिवसांतलेच होते ते, फक्त आता चाचपडतही नव्हते.

ताईंनी पहिला गिअर स्वतः टाकला आणि आम्ही रस्त्यावर आलो. रस्ता मोकळा होता. माझा आवाज वाढला. ताईंनी काही केलं नाही. आवाज आणखी वाढला. मी अक्षरशः किंचाळत होते. रस्त्याच्या कडेने चालणारे एक आजोबा थांबून बघू लागले.

"ताई, गाडी ओरडतेय."

"ऐकू येतंय मला."

"मग बदल की. येतंय तुला."

"येतं," ताई म्हणाल्या. "मान दुखते माझी."

 मान दुखत होती की नाही, ते मला माहीत नाही. माझ्यात वेग मोजायचा काटा आहे आणि तोही ऑपरेशन झाल्यापासून खोटं सांगतो. भाऊंनी हात सोडवले. उजवा हात दांड्यावर ठेवला.

"दाब," ते म्हणाले.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तिसरा दवाखाना परत आला नाही, पण गावाबाहेर एक नवा मिळाला, आणि तिथे जाताना मोठा चढ लागतो, त्यामुळे भाऊ खूश असतात. माझ्या पुढच्या दारांना गंज चढलाय. क्लचची प्लेट झिजत आलीय. मेकॅनिक म्हणतो अजून एखादं वर्ष. ताईंचा खांदा बरा आहे. पहिला गिअर त्यांनी त्यानंतर कधीच स्वतः टाकला नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. कधी सिग्नल सुटल्यावर तुमच्यापुढची हिरवी मोटार क्षणभर जागची हलली नाही, तर हॉर्न वाजवू नका. बिघाड झालेला नसतो. आमच्याकडे गिअर टाकायला दोन माणसं लागतात, आणि त्यातल्या एकाला सिग्नल दिसत नाही. दुसरी त्याला सांगत असते.